थोमाचा रविवार

थोमा त्या संध्याकाळी गैरहजर होता. संडे स्कूलमधल्या या पाठाची सुरुवात आम्ही याच शब्दाने करतो. हजेरीपटामुळे पहिलीतल्या पोरालाही तो नेमका कळतो, आणि ‘संशयी थोमा’ हे बिरूद गळ्यात पडण्याआधी मुलांची त्याच्याशी साधी ओळख होते: बाकीचे होते, हा नव्हता. कुठे गेला होता, ते शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने लिहिलेलं नाही. मुलं लगेच कारणं पुरवतात. बाजारात गेला असेल, ताप आला असेल, ट्यूशन असेल. पुरवू द्यावीत. दोन मिनिटांत थोमा वर्गातलाच एक होऊन जातो.

गोष्ट थोडक्यात अशी: मेलेला येशू पुन्हा उठतो आणि दारं लावून बसलेल्या शिष्यांना भेटतो. त्यांच्यातला थोमा तेव्हा नसतो. त्याच्या जखमांच्या खुणा पाहून हात लावल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असं तो म्हणतो, आणि आठ दिवसांनी येशू पुन्हा येतो. हा उतारा ईस्टरनंतरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी येतो: योहान २०, वचनं १९ ते ३१. तीन वर्षांच्या वाचनचक्रात बाकी बहुतेक रविवारची शुभवर्तमानं बदलतात, याचं बदलत नाही. कॅथलिक मिस्सेत (उपासनेत) हेच, आणि वाचनतक्ता पाळणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतही हेच. म्हणजे चार वर्षांचं असताना संडे स्कूलला आलेलं मूल बारा वर्षांचं होईतो हा पाठ नऊ वेळा ऐकतं. नऊही वेळा तेच चित्र, तीच गोष्ट आणि शेवटी ‘आपण थोमासारखं करायचं नाही’ एवढंच सांगितलं, तर नवव्या वर्षी मूल काय शिकलेलं असतं? शंका आली तर तोंड मिटून बसायचं. नेमकं हेच होऊ नये म्हणून आम्ही मुलांचे तीन गट करतो, ४ ते ६, ७ ते ९ आणि १० ते १२, आणि प्रत्येक गटात पाठाचा वेगळा भाग पुढे आणतो. आठ मुलांमागे एक शिक्षक, आणि खोलीत कुठल्याही वेळी निदान दोन मोठी माणसं.

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही पडतो, त्यामुळे पुढचा रविवार बहुधा वार्षिक परीक्षेत नाहीतर सुट्टीच्या तोंडावर सापडतो. आदल्या रविवारी नवे कपडे घालून चाळीस मुलं, या रविवारी पंधरा. सामान त्या हिशेबानेच आणावं. आणि एक फायदाही आहे: सणाच्या रविवारी गावाला गेलेली एकदोन मुलं या रविवारी हटकून असतात. हजेरी घेताना विचारायचं, गेल्या रविवारी कोण नव्हतं? त्यांना बाकीच्यांनी सांगायचं, काय काय झालं ते. पाठ तिथूनच सुरू झालेला असतो, फक्त मुलांना अजून माहीत नसतं.

खरी तयारी करावी लागते ती शब्दांची. बाहेरून आलेल्या, भाषांतर केलेल्या पाठपुस्तकांत चित्रं सुंदर असतात, पण मराठी मुलाच्या कानात कुठला शब्द कसा वाजतो हे त्यांना माहीत नसतं. या पाठात तीन शब्द अडतात.

पहिला ‘संशय’. मराठीत संशय माणसावर घेतात. पोलीस घेतात, शेजारीण घेते. ‘थोमाने संशय घेतला’ म्हटलं की मुलांना वाटतं, बाकीचे खोटारडे आहेत असं तो म्हणाला, नाहीतर त्यानेच काहीतरी वाईट केलं. शंका मात्र विचारतात. गणिताच्या तासाला हात वर करून विचारतात ती शंका. म्हणून तिन्ही गटांत आम्ही ‘शंका’ हाच शब्द वापरतो. (लहान गटात ‘कोणाला शंका आहे?’ म्हटल्यावर कोणीतरी करंगळी वर करणार, हे धरूनच चालावं. हसून घ्यावं, आणि खरंच जायचं असेल तर पाठवावं.)

दुसरा शब्द ‘शांती’, आणि इथे चूक आम्हा शिक्षकांचीच. ‘शांत बसा’ हे आम्ही त्याच वर्गात, त्याच सकाळी वीस वेळा म्हटलेलं असतं. मग ‘येशू मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, तुम्हांला शांती असो’ हे वाचलं की लहान मुलं निमूटपणे तोंडावर बोट ठेवतात. हे दर वर्षी दिसतं. त्यांच्या हिशेबाने येशूने आत येऊन पहिली गोष्ट केली ती सगळ्यांना गप्प करण्याची! शिवाय चौकातल्या फलकावर ‘आत्म्यास शांती लाभो’ असतं, शेजाऱ्यांकडे वास्तुशांती असते. शांती म्हणजे गप्प बसणं, नाहीतर मेल्यावर मिळणारी गोष्ट, नाहीतर पूजा आणि जेवण. त्या रविवारी वर्गात ‘शांत बसा’ म्हणायचंच नाही असा आम्ही आपापसांत नियम करतो. ‘इकडे बघा’, ‘ऐका’, ‘हळू’ म्हणावं, नाहीतर टाळी वाजवावी. पहिली दहा मिनिटं जड जातात.

शांतीचा अर्थ सांगायला घरातला शब्द हाताशी आहे. कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांत अजूनही भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात, आणि बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौलही एकेकाचं नाव घेऊन ‘सलाम सांगा’ म्हणतो. हिब्रूतला ‘शालोम’ आणि अरबीतून आलेला हा ‘सलाम’ एकाच मुळाचे. म्हणजे येशूने आत येऊन जे म्हटलं ते आधी साधं घरच्यासारखं अभिवादन आहे. पळून गेलेल्या, नाही म्हणालेल्या, दार लावून बसलेल्या मित्रांना भेटल्यावर त्याने पहिल्यांदा रागावून विचारलं नाही, सलाम केला. शिष्यांतल्या पेत्राने येशूची ओळख तीनदा नाकारली होती हे मोठ्या मुलांना आठवत असतं. त्यांना एवढं सांगितलं की पुरतं. या उताऱ्यात ‘शांती असो’ तीनदा येतं, १९, २१ आणि २६ या वचनांत. मोठ्या गटाला ती तिन्ही शोधून पेन्सिलीने खूण करायला सांगावं.

तिसरा शब्द ‘विश्वास’. मुलांना ‘विश्वास आहे’ आणि ‘माहीत आहे’ यांतला फरक कळत नाही, आणि तो व्याख्येने सांगता येत नाही. ‘भरवसा’ म्हटलं की जवळ येतो. शाळा सुटली की फाटकापाशी घरचं कोणीतरी न्यायला उभं असेल, हा भरवसा. आधी दिसत नाही, पण आपण दप्तर भरतोच. इथे ‘आई’ म्हणू नये, ‘घरचं कोणीतरी’ म्हणावं. प्रत्येकाची आई येत नाही, प्रत्येकाला आई असतेच असंही नाही. वाऱ्याचं उदाहरण (‘वारा दिसतो का? पण आहे ना!’) आम्ही बंद केलं. सहा वर्षांचं मूल ते जसंच्या तसं घेतं आणि घरी जाऊन सांगतं, देव म्हणजे हवा.

पंचेचाळीस मिनिटं मिळतात, प्रवचन चालू असताना. त्यात हजेरी पाच, पाहुण्याचा खेळ दहा, बंद खोली दहा, खुणा पाच, हस्तकला दहा, वचन पाच. एक बरणी मात्र सगळ्यात आधी भरून ठेवावी लागते. तिचं पुढे सांगतो.

पाहुण्याचा खेळ वरच्या दोन गटांसाठी. एका मुलाला दोन शिक्षकांबरोबर काहीतरी खरं काम देऊन बाहेर पाठवायचं: खडू आणणं, बाटली भरून आणणं. लाजाळू मूल निवडू नये, आणि ज्याला नेहमी चिडवतात ते तर मुळीच नाही. तो बाहेर असताना तरुण संघातलं कोणीतरी डोक्यावर हेल्मेट, हातात उघडी छत्री आणि पायांत दोन वेगळ्या चपला अशा थाटात वर्गात येतं, सगळ्यांशी हात मिळवतं आणि दुसऱ्या दाराने निघून जातं. जेमतेम एक मिनिट. खडू घेऊन आलेल्याला सगळे एकदम ओरडून सांगतात. तो म्हणतो, ‘चल, फेकू नका.’ हेच हवं असतं. मग त्याला विचारायचं, काय दाखवलं तर तुला पटेल? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘ती छत्री दाखवा.’ थोमाचं पंचविसावं वचन त्याने स्वतःच्या भाषेत म्हटलेलं असतं. त्यानंतर पाहुणा परत येतो, पण या वेळी सरळ त्या एकाकडेच जातो, छत्री त्याच्या हातात देतो आणि त्याच्याशी हात मिळवतो. बाकीची मुलं ‘मला पण, मला पण’ करतात. तेव्हा विचारायचं: पाहुणा दुसऱ्यांदा का आला? कोणासाठी?

या खेळात तीन गोष्टी बिघडतात. एक, शिक्षकांना मस्करीची लहर येते आणि मुलांना न घडलेलंच सांगायला लावतात. हे कधीही करू नये. दहा जणांची साक्ष खरी होती हाच पाठाचा कणा आहे, आणि खोटं सांगून बाहेरच्याला फसवलं की मुलं उलटंच शिकतात: सगळे मिळून सांगतात ते फसवायला. दोन, पाहुणा म्हणून पाळकसाहेबांना आणू नये. लहान मुलांच्या डोक्यात पाळक आणि येशू यांची आधीच थोडी गल्लत असते. तीन, बाहेरचं मूल तीनचार मिनिटांहून जास्त बाहेर राहिलं की त्याला आपल्याला मुद्दाम काढलं असं वाटायला लागतं. ४ ते ६ च्या गटात हा खेळ करून उपयोग नाही. ‘हेल्मेट घालून काका आले होते’ म्हटलं की ती मुलं ‘हो?’ म्हणतात आणि जागेवर जाऊन बसतात. त्या वयात शंका हा प्रश्नच नसतो. त्यांच्यासाठी भीती आणि बंद दार.

बंद खोली करायला दोन डबलबेडच्या चादरी, चार बाकं आणि सुतळी लागते. बाकं दोन-दोन समोरासमोर ठेवून वर चादर ताणायची, सुतळीने पायांना बांधायची. दहा मुलांना साधारण आठ फूट बाय सहा फूट जागा पुरते. आत अंधार नको, सावली हवी. पूर्ण अंधारात चार वर्षांची मुलं रडतात आणि मग पाठ संपतो. एक टॉर्च आत. मेणबत्ती अजिबात नाही, चादरीखाली तर नाहीच. एप्रिलचा उकाडा असतो, पंखा चालू ठेवावा आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त आत बसवू नये. खोलीचं खरं दार लावून घ्यावं, पण कडी आतून आणि मोठ्या माणसाच्या हाताशी.

येशूचं काम आम्ही कोणालाच देत नाही. एखाद्या मुलाला दिलं की तो चादरीखालून रांगत येतो, सगळे हसतात, आणि ‘बंद दारातून कसा आला’ हा उताऱ्यातला सगळ्यात विलक्षण क्षण नाटकातला विनोद होऊन बसतो. त्याऐवजी वाचणारी बाई सुरुवातीपासून मुलांच्या मधोमध बसलेली असते. ‘दारे बंद असता येशू येऊन मध्ये उभा राहिला’ इथवर ती बसून वाचते, उभी राहते, आणि मग ‘तुम्हांला शांती असो’ म्हणते. बस्स. चादर डोक्याला लागते, टॉर्चचा उजेड हलतो, मुलं वर बघतात. आणखी काही करावं लागत नाही. घरोघरीच्या बायबलांत आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, त्यामुळे वर्गासाठी एकच आवृत्ती ठरवून घ्यावी, नाहीतर पाठांतराच्या वेळी ‘आमच्या बायबलात असं नाही’ सुरू होतं.

दार का बंद होतं, हे सांगताना जपावं. वचनात ‘यहूद्यांच्या भीतीमुळे’ आहे. आत बसलेले सगळे स्वतः यहूदीच होते, येशूही यहूदी होता. ही भीती होती ती येशूला मारायला लावणाऱ्या अधिकाऱ्यांची. लहान गटात ‘अधिकाऱ्यांच्या भीतीने’ असंच म्हणतो. मोठ्या गटात रायगडातल्या बेने इस्राएलांची ओळख करून देतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं ते आपल्यासारखंच मराठी बोलणारे यहूदी. त्यानंतर ‘यहूदी म्हणजे वाईट लोक’ हे मुलांच्या तोंडून येत नाही.

मग आठ दिवस. इंग्रजी पाठपुस्तकात ‘आठ दिवसांनी म्हणजे पुढच्या रविवारी’ हे समजावायला एक चौकट असते, कारण त्या मुलांचा आठवडा सात दिवसांचा. आपल्याकडे आठवड्यातच आठ आहेत. ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं की मराठी मूल पुढचाच तो वार धरतं. तो वेळ वाचतो, आणि आम्ही तो एका प्रश्नावर घालवतो: हे आठ दिवस थोमा कुठे होता? आणि दुसऱ्या रविवारी तो कुठे सापडला? त्याच घरात, त्याच माणसांबरोबर. बाकीच्यांनी त्याला हाकललं नाही आणि तोही निघून गेला नाही. पटलेले आणि न पटलेला एकाच कडीच्या आत राहिले. आमच्या मते या पाठात मुलांना द्यायचं ते हेच, आणि नेमकं हेच चित्रात कधी येत नाही. चित्रात येतं ते जखमेत बोट घालणं. उताऱ्यात थोमाने हात लावला असं कुठेही लिहिलेलं नाही. येशू म्हणतो, बोट इकडे कर. थोमा म्हणतो, ‘माझा प्रभू व माझा देव!’ मधे काय झालं ते योहान सांगत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे वचनात बोट ठेवून शोधायला लावलं की ती चक्रावतात, कारण सगळ्यांनी चित्र पाहिलेलं असतं.

त्याच गटाला आणखी एक काम द्यावं: विसावं वचन आणि पंचविसावं वचन शेजारी ठेवून वाचा, थोमाने बाकीच्यांपेक्षा जास्त काय मागितलं? पाहायला बाकीच्यांना जे मिळालं तेच तो मागतो. येशूने त्यांना हात आणि कूस (भाल्याने भोसकलेली बाजू) न मागता दाखवली होती. आणि लूकाच्या शुभवर्तमानातल्या चोविसाव्या अध्यायात, बायकांनी कबर रिकामी असल्याचं येऊन सांगितलं तेव्हा या मंडळींनीही ती वायफळ बडबड मानली होती. हे कळल्यावर थोमा एकटा गुन्हेगार राहत नाही. योहानाच्याच अकराव्या अध्यायात, धोका आहे हे माहीत असून ‘चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ म्हणणारा हाच थोमा, आणि चौदाव्यात ‘मार्ग आम्हांला कसा ठाऊक असणार?’ असं भर जेवणात विचारणाराही हाच. न कळलेलं कळलं म्हणणं त्याला जमत नव्हतं. तसं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. नाटकात थोमाचं काम नेमकं त्यालाच देण्याची शिक्षकांना खोड असते; देऊ नये. आमच्याकडे लहान गटात थोमा शिक्षक होतो, मोठ्या गटात पाळीपाळीने सगळे.

खुणांची पाच मिनिटं आमच्या आवडीची. जखमा, रक्त, भाला यांचं वर्णन सहा वर्षांखाली करत नाही. ‘हातांवर खुणा होत्या’ एवढंच. मग बीसीजीचा व्रण. जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचतात त्या लसीचा बारीक गोल व्रण बहुतेकांना असतो. शिक्षक आधी स्वतःचा दाखवतात, मुलं बाहीवरूनच बोट ठेवतात. बाह्या वर करायला लावू नये. विचारायचं: सुई टोचलेली आठवते का? कोणालाच आठवत नाही. मग टोचली कशावरून? ‘आई म्हणाली’ आणि ‘खूण आहे’. साक्ष आणि खूण, दोन्ही त्यांच्याच उत्तरातून येतात. काही मुलांना व्रण उमटतच नाही. ते आधीच सांगून ठेवावं: लस टोचूनही खूण राहत नाही कधी कधी, तेव्हा आईचं ऐकायचं. एकोणतिसाव्या वचनातले ‘पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे’ कोण, याचं उत्तर मोठा गट इथून स्वतःच काढतो: खूण न दिसलेली मुलं. म्हणजे आपण. ते वचन थोमाला रागवायला म्हणून वाचलं, तर ते आपल्याबद्दल आहे हे हातचं जातं.

आता बरणी. एक लिटरची पारदर्शक बरणी, त्यात पाणी, दोन चमचे बारीक माती. वर्ग सुरू होताना सगळ्यांसमोर ढवळायचं, तुरटीचा खडा पाण्यात आठदहा वेळा फिरवायचा आणि बरणी उंच, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून द्यायची. कोकणातली लाल माती असो की देशावरची काळी, घरी एकदा करून बघावं. काळीतल्या चिकणमातीला वेळ जास्त लागतो. वीस-तीस मिनिटांत वरचं पाणी बऱ्यापैकी निवळतं. मुलं म्हणतात, घाण गेली. गेली नाही, खाली बसलीय, दिसतेय. शिष्यांचंही तसंच होतं: शांती मिळाल्यावर बाहेरचे अधिकारी कुठे गेले नव्हते, आणि आठ दिवसांनीही दार बंदच होतं, योहानाने ते मुद्दाम लिहिलंय. हा प्रयोग ७ वर्षांवरच. त्याखालची मुलं फक्त ‘हे पाणी प्यायचं का?’ विचारतात. नाही प्यायचं.

हस्तकलेत दार. जाड कागदाचा ए-फोर आडवा धरून दोन्ही कडा मध्यावर दुमडल्या की वाड्याच्या दोन फळ्या होतात. शिक्षकांनी आधीच कटरने प्रत्येक फळीला दोन चिरा पाडून ठेवाव्यात. त्यांतून दोन सेंटिमीटर रुंद पट्टी सरकवली की अडसर. आत दहा डोकी काढायची, अकरावं वेगळ्या कागदावर कापून. घरी नेऊन आठ दिवसांनी ते आत चिकटवायचं. फेविकॉल लवकर वाळत नाही आणि नव्या फ्रॉकला लागतो, ग्लूस्टिक आणावी. वचन लहानांना ‘माझा प्रभू व माझा देव’ एवढंच, मोठ्यांना एकोणतिसावं.

मुलांच्या प्रश्नांची उत्तरं आधी आपापसांत बोलून ठेवावी लागतात, कारण चुकीचं उत्तर घाईतच दिलं जातं. ‘तो भूत होता का?’ हा पहिला. शिष्यांनाही तसंच वाटलं होतं असं लूक सांगतो, आणि त्यावर येशूने भाजलेला मासा खाल्ला. मासा म्हटलं की आमच्या मुलांचं समाधान होतं. भूत मासे चोरतं, पण सगळ्यांसमोर बसून खात नाही. ‘जुळा कोणाचा?’ हा दुसरा. थोमा म्हणजे अरामीत जुळा, दिदुम हे त्याचं दुसरं नाव म्हणजे ग्रीकमध्ये जुळा, पण दुसरा जुळा कोण ते शास्त्रात नाही. इथे ‘मला माहीत नाही, आणि लिहिलेलं पण नाही’ असं मोकळेपणाने म्हणावं. शिक्षकाच्या तोंडून ‘माहीत नाही’ ऐकणं हा या पाठाचाच भाग आहे.

सगळ्यात कठीण प्रश्न हळू आवाजात येतो: ‘आमचे आजोबा पण येतील का परत?’ त्यासाठी आदल्या आठवड्यात हजेरीपट घेऊन बसावं आणि वर्षभरात कोणाच्या घरी मयत झालीय ते पाहून ठेवावं. ‘येतील’ म्हणून मोकळं होऊ नये; मूल खरोखर वाट बघतं, दाराशी बसून. ‘तसे परत घरी येणार नाहीत. देव सगळ्यांना उठवील त्या दिवशी भेटतील असा आपला भरवसा आहे, कधी ते माहीत नाही’ इतकं सांगून पुढचं मुलाला बोलू द्यावं. ते बहुधा आजोबांच्या चष्म्याबद्दल, सायकलीबद्दल काहीतरी सांगतं. ऐकावं. मधेच बायबलचं वचन ऐकवू नये. शाळेतला मित्र ‘तुमचा देव खोटा’ म्हणतो, असंही येतं. त्याचं उत्तर मित्राच्या देवाला नावं ठेवणं नव्हे. ‘मला असं वाटतं, तुला तसं वाटतं, चल खेळू’ हे दहा वर्षांच्या मुलाला जमतं, आणि मैत्री टिकते.

मोठ्या गटातल्या मुंबईच्या मुलांना एक जास्तीचं सांगतो. परंपरेप्रमाणे थोमा इ. स. ५२ मध्ये केरळात उतरला आणि पुढे आजच्या चेन्नईतल्या मैलापूरला मारला गेला. मुंबईच्या किल्ल्यातलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी उघडलं, आणि त्या चर्चकडे जाणारं किल्ल्याचं दार म्हणजे चर्चगेट. रोज लोकलच्या पाटीवर दिसणाऱ्या नावामागे थोमा उभा आहे, हे त्यांना फार आवडतं.

घरी एक चिठ्ठी देतो, अर्ध्या पानाची. ‘आज काय शिकलास?’ असं विचारू नका, उत्तर ‘गोष्ट’ एवढंच येईल; ‘थोमाने काय मागितलं?’ असं विचारा. आणि ‘असं विचारू नये, पाप लागतं’ हे घरातलं वाक्य निदान आठ दिवस बाजूला ठेवा. ही ओळ काही आज्यांना रुचत नाही. त्यांच्याशी जाऊन बोलावं लागतं, आणि बोलताना मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप उपयोगी पडतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं एका दमात म्हणणारा. येशूने त्याच्या मुलाला बरं केलं. आज्यांना ही गोष्ट पाठ असते.

उरते शंकापेटी. बुटांचं रिकामं खोकं, झाकणाला आठ सेंटिमीटरची चीर, शेजारी कागदाचे तुकडे आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल (न बांधता ठेवली तर दुसऱ्या मिनिटाला नाहीशी होते). नाव घालायचं नाही. लिहिता न येणाऱ्यांचं शिक्षकाने त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, शुद्ध करू नये. पेटी पुढच्याच रविवारी उघडायची. एकदा जरी ‘या वेळी वेळ नाही’ झालं, तरी नंतर तिच्यात चॉकलेटचे कागदच सापडतात. चिठ्ठ्या दोन शिक्षकांनी आदल्या दिवशी वाचून ठेवाव्यात. कधी एखादी शंका नसतेच, घरातली मारहाण किंवा त्याहून वाईट काही असतं. ती वर्गात वाचायची नाही, अक्षर ओळखू आलं तरी सगळ्यांसमोर मुलाला हाक मारायची नाही. त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीकडे न्यायची, आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर शिक्षकांच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा.

बाकीच्या चिठ्ठ्या वर्गात एकेक करून काढतो. देव झोपतो का. आमच्या कुत्र्याला स्वर्ग आहे का. येशूच्या खुणा अजून दुखतात का. ज्यांची उत्तरं शास्त्रात आहेत ती वाचतो, ज्यांची नाहीत त्या चिठ्ठ्यांची घडी घालून सगळ्यांसमोर परत पेटीत टाकतो. ‘जुळा कोणाचा’ ही चिठ्ठी दर वर्षी येते आणि दर वर्षी परत आत जाते.